हातावर बोलायची सोबत : इंग्लंडमधल्या एका व्हॉलंटियर सेवेचा रिव्ह्यू

आधी रिव्ह्यू कशाचा ते सांगते. इथे इंग्लंडमध्ये ज्यांना नीट दिसत नाही, नीट ऐकूही येत नाही आणि जे घरात एकटेच असतात, अशा लोकांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं, गप्पा मारायच्या, जमलं तर बाहेर एक चक्कर मारून आणायची, अशी व्हॉलंटियर मंडळींची सेवा असते. तिला बिफ्रेंडिंग म्हणतात. मी लंडनपासून तासाभरावर राहते आणि आमच्या भागातल्या एका छोट्या संस्थेतर्फे काही वर्षं हे करतेय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारत असतं की मुलं मोठी झाली, आता दिवसा वेळ असतो, काहीतरी करायचंय, कुठे जाऊ? दर वेळी तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. संस्थेचं नाव टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि चार माणसांच्या ऑफिसला मला असं चारचौघांत झोडपायचं नाही. तसंही तुम्ही राहता तिथली संस्था वेगळीच असणार.

घाई असेल तर एवढंच वाचा. काम पाचपैकी पाच. ट्रेनिंग पाचपैकी दोन. व्यवस्था, म्हणजे जोडी लावणं, रजा, बदली वगैरे, पाचपैकी तीन. आणि माझं ठाम मत असं आहे की या सेवेचा सगळा जीव ट्रेनिंगमध्येच आहे, म्हणून ते दोन मला फार खटकतात.

बधिरांध म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकदम हेलन केलर येते, म्हणजे संपूर्ण काळोख आणि संपूर्ण शांतता. खरं तर बहुतेकांना थोडं दिसत असतं, थोडं ऐकू येत असतं. इथल्या संस्थांच्या अंदाजाने ब्रिटनमध्ये साडेचार लाखांच्या आसपास अशी माणसं आहेत आणि त्यातली खूप जण सत्तरीच्या पुढची. तुम्ही म्हणाल म्हातारपणी सगळ्यांचंच होतं की असं. पण दोन्ही एकदम गेलं की हिशोब वेगळा होतो. दिसत नसेल तर माणूस कानावर चालवतो, ऐकू येत नसेल तर डोळ्यांवर, आणि दोन्ही कमी झाले की ज्याच्या भरवशावर राहायचं ते उरतच नाही. टीव्ही गेला, रेडिओ गेला, फोन गेला, पेपर गेला. दारावर कोण आलंय ते कळत नाही, मग दार उघडायची भीती वाटते. हळूहळू बाहेर जाणं बंद, मग कोणी येणं बंद.

मला ज्यांच्याकडे पाठवलं त्यांना मी इथे आजी म्हणते. ऐंशीच्या पुढच्या, इंग्रज, एकट्या राहतात. लहानपणापासून ऐकू फार कमी, पण ओठ वाचण्यात इतक्या तरबेज की नोकरी, बाजारहाट, शेजारपाजार सगळं त्यांनी त्यावर निभावलं. मग मॅक्युलर डिजनरेशन सुरू झालं. या आजारात नजरेचा मधला भाग आधी जातो आणि कडेचं थोडं दिसत राहतं. म्हणजे खोलीत कोणीतरी उभं आहे हे कळतं, पण त्याचा चेहरा जिथे असायला हवा तिथे डाग. ओठ वाचायला नेमका तोच मधला भाग लागतो. आयुष्यभर ज्यावर सगळं चाललं ते दोन-तीन वर्षांत गेलं. त्यांची वाचा मात्र खणखणीत आहे, त्या बोलतात आणि मी ऐकते. प्रश्न असतो तो माझं बोलणं त्यांच्यापर्यंत कसं पोचवायचं हाच.

आता प्रोसेसबद्दल. फॉर्म, दोन रेफरन्स, एक मुलाखत आणि डीबीएस, म्हणजे तुमच्यावर काही गुन्हा वगैरे आहे का याची तपासणी. व्हॉलंटियरना त्याची फी पडत नाही. मुलाखत घेणारी बाई छान होती, तिने विचारलं की तुम्हाला शांत बसता येतं का, मला तो प्रश्न फार आवडला. हे सगळं ठीक, पण फॉर्म भरल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत कित्येक महिने गेले. मधल्या काळात माझ्याबरोबर अर्ज केलेल्या दोघीजणी कंटाळून चॅरिटी शॉपमध्ये लागल्या. एकीकडे वेटिंग लिस्टवर माणसं आहेत म्हणायचं आणि दुसरीकडे आलेली माणसं अशी गळू द्यायची, हे पटत नाही मला. कोऑर्डिनेटर एकच आणि तीही पार्टटाइम, हे कारण मला माहीत आहे, तरी पटत नाही.

ट्रेनिंग एक दिवसाचं, त्यातही अर्धं ऑनलाइन. सेफगार्डिंग (म्हणजे दुबळ्या माणसांना कोणी त्रास देत नाही ना ते बघणं), डेटा प्रोटेक्शन, आग लागली तर काय, अपघात झाला तर फॉर्म कुठला, या सगळ्याला भरपूर वेळ. मग दुपारी डोळ्यांवर धूसर चष्मा आणि कानात बोळे घालून आम्हाला कॉरिडॉरमध्ये चालवलं, ते पहिल्यांदा बरं वाटतं, पण त्यातून माणसाला फक्त घाबरायला होतं, बोलायला येत नाही. आणि मुख्य गोष्ट, हातावरची लिपी, तिचा एक कागद दिला आणि सांगितलं घरी सराव करा. अहो, तीच तर सगळी गोष्ट आहे! स्वयंपाकाचा क्लास लावावा आणि शेवटी हातात फक्त वाणसामानाची यादी मिळावी तसं झालं ते.

ती लिपी काय आहे ते थोडं सांगते, कारण शिकायला वाटते तेवढी अवघड नाही. समोरच्याचा डावा तळवा उघडा करून घ्यायचा आणि आपल्या उजव्या हाताने त्यावर इंग्रजी स्पेलिंग करायचं. स्वर पाच बोटांच्या टोकांवर, अंगठा ए, तर्जनी ई, मधलं बोट आय, अनामिका ओ, करंगळी यू. तळव्यावर एक बोट ठेवलं की एल, दोन ठेवली की एन, तीन ठेवली की एम. एच म्हणजे तळव्यावरून हात सरकवायचा. शब्द संपला की क्षणभर थांबायचं. चुकलं तर तळवा पुसल्यासारखं करायचं. सुरुवातीला मी रोज रात्री नवऱ्याच्या हातावर बातम्यांचे मथळे काढायचे, तो टीव्ही बघत बघत ओळखायचा, आणि महिनाभरात बोटं आपोआप चालायला लागली. ज्यांना ही लिपी येत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोपी पद्धत आहे, ब्लॉक म्हणतात तिला. मोठी कॅपिटल अक्षरं आपल्या तर्जनीने तळव्यावर एकावर एक गिरवायची, शेजारी शेजारी नाही, त्याच जागेवर. ही तर कोणालाही पाच मिनिटांत जमते. पण हळू. लिपी जमली की मात्र गप्पांना वेग येतो, आणि मग समोरचं माणूस तुम्हाला मधेच तोडतं, विरोध करतं, अर्धा शब्द ऐकून पुढचा स्वतःच बोलून टाकतं. म्हणजे खऱ्या गप्पा.

आणि मला या सेवेबद्दल सांगायचंय ते हेच. या लोकांकडे मदत करणारे येतात. केअरर येते, आंघोळ घालते, औषध देते, वीस मिनिटांत जाते. नर्स येते. काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येतो. सगळे काहीतरी करायला येतात आणि करून जातात, हातात कप देतात, हाताला धरून उठवतात, पण त्या हातावर शब्द कोणी ठेवत नाही. आठवडाच्या आठवडा माणसाला कोणी काही सांगितलेलंच नसतं. शेजारच्यांनी घर विकलं, कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली, काल बर्फ पडला, काही काही नाही. मदत कमी पडतेय असं नाही म्हणणार मी, ती तर हवीच. कमी पडतात त्या बातम्या, चहाड्या, वादविवाद, फालतू बडबड.

म्हणून सांगते २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते. माझा जायचा वार सोमवार. आणि त्या सोमवारी भारत-इंग्लंडच्या ओव्हल टेस्टचा शेवटचा दिवस. इंग्लंडला पस्तीस रन हवे, चार विकेट हातात, त्यातला वोक्सचा खांदा निखळलेला. आजींना क्रिकेटचं वेड, पूर्वी काउंटीच्या मॅच बघायला डबा घेऊन जायच्या. मी गेल्या गेल्या म्हणाल्या चहा राहू दे, स्कोअर सांग. मी फोन टेकवून ठेवला आणि त्यांचा हात घेतला. प्रत्येक बॉलचं स्पेलिंग करणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही दोन मिनिटांत खुणा ठरवल्या, डॉट बॉल म्हणजे मनगटावर एक टिचकी, रन म्हणजे तितके टॅप, चौकार म्हणजे तळव्यावरून सर्रकन रेघ, विकेट म्हणजे मूठ घट्ट आवळायची. पहिल्या दोन चौकारांना आजींनी अशी काही आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचे वर आले असतील. मग सिराजने स्मिथला काढला, मी मूठ आवळली. मग ओव्हरटन. मग प्रसिध कृष्णाने टंगचा त्रिफळा उडवला. वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून बॅटिंगला उतरला ते मी स्पेलिंग करून सांगितलं, त्यांना खरंच वाटेना, पुन्हा सांग म्हणाल्या, पुन्हा सांगितलं. ॲटकिन्सनने सिक्स मारली तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता आणि तो त्यांना माझ्या बोटांतून कळला, म्हणाल्या तुझा हात गार पडलाय. शेवटी सिराजचा यॉर्कर, मूठ. सहा रनांनी जिंकलो आपण, मालिका दोन-दोन. आजी पाच मिनिटं माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, वोक्सला बिचाऱ्याला स्ट्राइकच मिळाला नाही.

त्यांना तो दिवस कोणी नंतर सांगितला नाही, होत असताना मिळाला. नंतर मी वाचलं की अंगावरच्या अशा खुणांची व्यवस्थित पद्धत बसवलेली आहे, फिनलंडमध्ये यावर खूप काम झालंय, पाठीवर किंवा दंडावर खूण करून सांगायचं की समोरचा हसतोय, कोण खोलीतून गेलं, टेबल कुठल्या बाजूला आहे. आणि अमेरिकेत सिॲटलच्या बधिरांध लोकांनी तर स्वतःच स्पर्शाची वेगळी भाषा घडवली, प्रोटॅक्टाइल नावाची. आमच्या ट्रेनिंगमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. धूसर चष्म्याच्या खेळाऐवजी हे दोन तास शिकवा की!

भेटीतल्या काही गोष्टी मला अनुभवाने आणि जुन्या व्हॉलंटियर मंडळींकडून कळल्या त्या लिहिते, कारण घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठीही कामाच्या आहेत. अचानक धरायचं नाही, आधी दंडावर हलका हात ठेवायचा आणि तिथेच ठेवायचा म्हणजे समोरच्याला कळतं कोणीतरी आहे आणि ते पळालं नाही. मग आपण कोण ते सांगायचं, दर वेळी. माझ्या हातात आईची एक जाड चांदीची बांगडी असते, आजी ती चाचपतात आणि माझं नाव घेतात, त्यामुळे मी ती कधी काढत नाही, लग्नाकार्यालासुद्धा सोन्याच्या बांगड्यांबरोबर तीच. खोलीतून जाताना सांगून जायचं, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतं, आणि हे मी एका फॅमिली गॅदरिंगमध्ये दुसऱ्यांच्या बाबतीत घडताना बघितलंय, फार वाईट वाटतं. थोडं दिसत असेल तर आपण खिडकीकडे तोंड करून बसायचं, खिडकी पाठीमागे आली की आपला चेहरा काळा होतो. थोडं ऐकू येत असेल तर किटली, पंखा, टीव्ही बंद. ओरडायचं तर अजिबात नाही, ओरडलं की कानाच्या मशीनमधून आवाज फाटतो आणि ओठांचा आकारही बिघडतो. आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबायचं, कारण हातावरचं वाचणं प्रचंड थकवतं, माणूस झोपाळल्यासारखं दिसलं म्हणजे कंटाळलं असं नाही.

बाहेर नेताना आपण कोपर द्यायचं, त्यांनी आपल्याला धरायचं, आपण त्यांना ढकलायचं नाही, आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. पायरी आली की थांबायचं आणि वर की खाली ते सांगायचं. खुर्चीपाशी आलं की त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यायचा, बसायचं कसं ते त्यांना येतं. मोकळ्या जागेत मधोमध सोडून आपण तिकीट काढायला जायचं नाही, भिंतीला किंवा कठड्याला हात लावून द्यायचा. आजींच्या पांढऱ्या काठीवर लाल पट्टे आहेत. पांढरी काठी म्हणजे अंध, लाल पट्टे असले म्हणजे ऐकायलाही त्रास, हे इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, लिहिलेलं आहे, नियम क्रमांक २०७, लायसन्सची परीक्षा देताना आपण सगळे ते पाठ करतो आणि विसरतो. हॉर्न वाजवून काही उपयोग नाही, थांबा नुसते.

आणि एक गोष्ट, जी मला वीस वर्षं इथे राहून माहीत नव्हती आणि आजींनी दाखवली. सिग्नलला रस्ता ओलांडायचं बटण असतं ना, त्या डब्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवून बघा, एक छोटा खाचांचा कोन असतो. हिरवा माणूस लागला की तो गोल फिरतो. दिवा दिसत नाही, टिकटिक ऐकू येत नाही, पण बोटाला कळतं की आता निघायचं. सगळ्या सिग्नलना नसतो, पण खूप ठिकाणी असतो. मी तेव्हापासून प्रत्येक सिग्नलला खाली हात घालून बघते, आणि फिरत नसेल तर काउन्सिलच्या वेबसाइटवर तक्रार टाकते, त्यांनी आतापर्यंत दुरुस्तही करून दिलेत. तुम्हीही टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

कॅफेत गेलं की वेटर मलाच विचारतो, यांना काय हवंय? वाईट हेतू नसतो. मी प्रश्न आजींच्या हातावर काढते आणि त्या मोठ्या आवाजात उत्तर देतात, आख्खं कॅफे वळून बघतं. आधी मला अवघड व्हायचं, आता नाही होत. एकदा शेजारच्या टेबलावरची छोटी मुलगी येऊन विचारायला लागली तुम्ही काय करताय, आजींनी तिला तिथल्या तिथे तिचं नाव हातावर काढायला शिकवलं. मुलांना पटकन येतं.

अजून एक महत्त्वाचं, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून सांगते. नजर गेलेल्या काही लोकांना नसलेल्या गोष्टी दिसतात, भिंतीवर नक्षी, फुलं, छोटी छोटी माणसं. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून मेंदूला माल येईनासा झाला की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, वेड लागलेलं नसतं. आजींनी हे कित्येक महिने कोणाला सांगितलं नव्हतं, डिमेन्शिया म्हणून घरातून हलवतील या भीतीने. मला सांगितलं ते गप्पांच्या ओघात. मी कोऑर्डिनेटरला कळवू का विचारलं, हो म्हणाल्या, मग डॉक्टरांकडे जाऊन खात्री झाली. वीस मिनिटांच्या केअररला हे कधी कळलं असतं? आपल्याकडेही मोतीबिंदू-काचबिंदूवाल्या कोणी म्हाताऱ्या बाई म्हणत असतील की अंगणात माणसं दिसतात, तर लगेच बाहेरचं काही समजू नका आणि वेडातही काढू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

सीमा कुठे आहेत तेही सांगते. व्हॉलंटियरने औषध द्यायचं नाही, उचलायचं नाही, पैशांना हात लावायचा नाही, बँकेचा पिन कानावर पडला तरी विसरायचा. हे नियम मला पटतात. इथे पगारी माणूसही असतो, कम्युनिकेटर गाइड म्हणतात, तो बँकेत, दवाखान्यात बरोबर जातो आणि बोलणं पोचवतो. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे बधिरांध माणसाच्या गरजा खास ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच तपासायच्या असतात, आणि आपल्या भागात बधिरांध माणसं कोण आहेत ते काउन्सिलने शोधून नोंद ठेवायची असते. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर हे मागा, न मागता मिळेलच असं नाही. पण मग एक धोका होतो, जिथे पगारी गाइडचे तास कापले जातात तिथे ते काम गुपचूप व्हॉलंटियरच्या गळ्यात येतं. मला एकदा हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला बरोबर जायला सांगितलं, मी नाही म्हटलं. ऑपरेशनची माहिती हातावर पोचवणं हे माझ्यासारख्या हौशी बाईचं काम नाही, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर? त्यासाठी शिकलेला इंटरप्रीटर हवा, आणि भांडल्यावर तो मिळालाही.

आता मोठी तक्रार. माझ्याआधी आजींकडे जी व्हॉलंटियर यायची ती नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेली. तिने ऑफिसला ईमेल केला, ऑफिसने तो फाइल केला, आणि आजींना कोणी जाऊन सांगितलंच नाही. त्या आठवडेच्या आठवडे त्या वाराला तयार होऊन बसायच्या. आपण फोन करून विचारतो, मेसेज बघतो, खिडकीतून डोकावतो, यांना यातलं काय शक्य आहे? मला वाटतं या सेवेत एवढा एक नियम दगडावर कोरून ठेवायला हवा, की न सांगता जायचं नाही, आणि सांगायचं ते हातावर, समोर बसून. आता मी आणि आजींनी आमची सोय केलीय, मला जमणार नसेल तर मी शेजारच्या बाईंना कळवते, त्या जाऊन तळव्यावर दोन शब्द गिरवून येतात. त्यांना ब्लॉक पद्धत मी दारात उभी राहून शिकवली. खरं तर प्रत्येक घरासाठी दोन व्हॉलंटियर हवेत, आलटून पालटून, म्हणजे एक आजारी पडली किंवा भारतात सहा आठवडे गेली तर दुसरी असते. हे मी मीटिंगमध्ये दर वेळी बोलते आणि दर वेळी मिनिट्समध्ये लिहिलं जातं.

भारतातल्या लोकांसाठी थोडं. आपल्याकडे मुंबईत १९७७ साली बेरोज वाच्छा यांनी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली, देशातली बधिरांध मुलांची पहिली शाळा ती. अहमदाबादला १९९७ पासून सेन्स इंटरनॅशनल इंडिया आहे, ते ठिकठिकाणच्या संस्थांना हाताशी धरून काम करतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचं नाव घेतलेलं आहे. मुलांसाठी खूप तळमळीने काम झालंय. पण म्हातारपणी दोन्ही गेलेल्यांच्या घरी जाऊन बसणारं कोणी मला आमच्या साताऱ्याकडच्या गावात तरी दिसलं नाही, आणि आपल्याला वाटतं घर भरलेलं आहे म्हणजे एकटेपण नाही. माझ्या सासूबाई बघा. काचबिंदूने नजर गेली, ऐकायला फार कमी. घरात आठ माणसं. सगळे कानाशी येऊन ओरडायचे, जेवा, उठा, गोळी घ्या, आणि त्यापलीकडे काही सांगायचं बंद झालं होतं, एवढं ओरडून कोण सांगणार म्हणून. गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा त्यांच्या तळव्यावर मराठी अक्षरं काढून बघितली. शाळा चौथीपर्यंत झालेली, अक्षरओळख पक्की. शिरोरेषा गाळायची, अक्षर तळवाभर मोठं काढायचं, काना-मात्रा शेवटी, जोडाक्षर फोडायचं. दुपारी एकदम वळीव आला आणि मी 'पाऊस' असं काढलं. ताडकन म्हणाल्या, गच्चीवरच्या कुरडया उचलल्या का? कोणी उचलल्या नव्हत्या, सगळी पळाली वर! आता माझा पुतण्या रोज शाळेतून आल्यावर त्यांना हातावर गावच्या बातम्या देतो आणि त्या त्याची शुद्धलेखनाची चूक काढतात.

कोणी करावं हे काम? ज्यांना खूप बोलायला आवडतं त्यांनी तर नक्की करा, हे लोक अबोल माणसांना लवकर कंटाळतात. स्पर्शाचं अवघडलेपण असेल तर आधी स्वतःशी विचार करा, कारण तास-दीड तास दुसऱ्याचा हात हातात असतो. नखं कापलेली हवीत, हातावर उग्र वासाचं क्रीम नको, लसूण सोललेला असेल तर हात नीट धुवून जा, त्यांना लगेच कळतं. वर्षभर तरी जमणार असेल तरच सुरू करा. इंग्रजी ॲक्सेंटची काळजी करू नका, हातावर ॲक्सेंट नसतो, स्पेलिंग मात्र बरं हवं. अर्ज करण्याआधी संस्थेला विचारा की लिपी प्रत्यक्ष हातावर कोण शिकवणार, मी रजेवर गेले तर त्यांना कोण कळवणार, आणि मला काही खटकलं तर फोन कोणाला करायचा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी संस्था बघा, पण काम सोडू नका.

आमच्याकडे सध्या दिवसा मोकळी असणारी आणि गाडी चालवणारी माणसं हवी आहेत, पेट्रोलचे पैसे मिळतात. आणि अर्ज करण्याआधी कोणाला हातावरची लिपी करून बघायची असेल तर मला मेसेज करा, शनिवारी दुपारी मी घरीच असते, चहाला या, तासाभरात पाच स्वर आणि दहाएक अक्षरं सहज होतात.